अमेरिकेत फिजिक्ससाठी अर्ज, स्टेट बोर्ड, इंटिग्रेटेड कॉलेज: पालकांनी नेमकं काय करायचं?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मुलगी नुकतीच बारावी सायन्सला गेली आहे. बोर्ड महाराष्ट्राचंच. दहावीपर्यंत सेमी-इंग्लिश, अकरावीपासून इंटिग्रेटेड, म्हणजे नाव ज्युनिअर कॉलेजात आणि शिकणं क्लासमध्ये. जेईईची तयारी चालू आहे, पण तिला इंजिनीअरिंग नको, फिजिक्स हवंय. एमआयटी (बोस्टनजवळचं, कोथरूडचं नव्हे), हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि अजून दोन-तीन ठिकाणी अर्ज करायचा म्हणते. अभ्यासाचं तिचं ती बघते. मला विचारायचंय ते माझ्या वाटणीच्या कामाबद्दल.

अडचणी अशा:
कॉलेजात काउन्सेलर हा प्रकारच नाही. शिकवणारे सर क्लासचे, सही-शिक्का कॉलेजचा.
अकरावीला ६१ टक्के आहेत. दहावीला ९५ होते. अकरावीची परीक्षा क्लासमध्ये कुणीच मनावर घेत नाही.
माझा पगार वर्षाला साधारण १४ लाख. शिवाय वडिलोपार्जित साडेचार एकर ऊस, सातबारा सामाईक. तिकडचा खर्च पूर्ण भरणं शक्य नाही.
एक सल्लागार ‘सगळं आम्ही करतो’ म्हणून सव्वातीन लाख मागतोय.

यातलं काय मी करायचं, काय तिनं, आणि कशात मी अजिबात हात घालायचा नाही?

शेरा_रकाना

दादा, गाडी आधी कागदांवर अडते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. निबंध वगैरे नंतरचं.

तिकडची विद्यापीठं नववी ते बारावी ही चार वर्षं एकत्र बघतात. आपल्याकडे ही वर्षं दोन संस्थांत वाटली गेलेली असतात. नववीचं प्रगतिपुस्तक शाळेकडून घ्यायचं, तेही शिक्का मारलेलं; मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून त्यावर मुख्याध्यापकांची सही. दहावीची बोर्डाची गुणपत्रिका इंग्रजीत असतेच. अकरावीचा निकाल कॉलेजकडून. बारावीचे गुण अजून नाहीत, त्यामुळे कॉलेजनं विषयवार अपेक्षित गुण लेटरहेडवर द्यायचे. टक्क्यांचं जीपीएमध्ये (तिकडच्या श्रेणींच्या सरासरीत) रूपांतर करायच्या फंदात पडू नका. आहेत तसेच द्या, ते लोक भारतीय बोर्डांच्या गुणपत्रिका दरवर्षी ढिगानं वाचतात.

काउन्सेलर म्हणजे समुपदेशकच असला पाहिजे असं नाही. संस्थेच्या वतीनं अधिकारानं बोलू शकेल अशी व्यक्ती हवी: प्राचार्य, उपप्राचार्य किंवा विज्ञान शाखेचे पर्यवेक्षक. त्यांना काम तीनदा करावं लागतं, आणि हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. अर्जाच्या वेळी स्कूल रिपोर्ट (संस्थेनं विद्यार्थ्याबद्दल भरायचा फॉर्म), शिफारसपत्र आणि गुणपत्रिका अपलोड करणं. जानेवारी-फेब्रुवारीत सहामाही आणि सराव परीक्षेचे गुण. निकालानंतर बारावीची अंतिम गुणपत्रिका. बरीच कॉलेजं पहिलं उत्साहानं करतात आणि दुसऱ्याच्या वेळी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या गडबडीत विसरतात. प्राचार्यांना भेटलात की त्याच दिवशी हेडक्लार्कनाही भेटा. स्कॅन, शिक्का, जावक क्रमांक सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. गुणपत्रिका तुम्ही किंवा मुलीनं अपलोड करायच्या नसतात, त्या संस्थेकडूनच जाव्या लागतात.

बरोबर एक पानाचं कॉलेजचं ओळखपत्रक जोडतात, त्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. बहुतेक ज्युनिअर कॉलेजांकडे ते नसतं. त्यात लिहायचं ते असं: बोर्ड कोणतं, शाखेत विद्यार्थी किती, पासची मर्यादा किती, विषय निवडायला किती वाव आहे, कॉलेजात वर्गातला क्रमांक देतात की नाही, अकरावीची परीक्षा बोर्ड घेतं की कॉलेज. मजकूर कॉलेजचाच हवा. तुम्ही फक्त काय काय लागतं याचं टिपण नेऊन द्या.

आता ते ६१ टक्के. लपवता येणार नाहीत, आणि ‘वाढवून देतो’ असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. खोटी गुणपत्रिका प्रवेशानंतर सापडली तरी प्रवेश जातो. अर्जात अतिरिक्त माहितीची जागा असते. तिथे मुलीनं दोन-तीन ओळींत कारण लिहायचं: रडगाणं नको, क्लासला दोष नको, फक्त परिस्थिती. उपप्राचार्यांच्या पत्रातही तेच एक वाक्य हवं. दोन्ही जुळले की वाचणारा पुढे जातो. मात्र या सहामाहीला गुण चढलेले दिसले नाहीत तर त्या स्पष्टीकरणाला काही अर्थ उरत नाही. जेईईच्या नादात बारावीची सहामाही सोडू नये, हे तिला आत्ताच समजू द्या.

शिक्षकांची पत्रं दोन. एमआयटीला एक गणित-विज्ञानाचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राचं हवं असतं. इंटिग्रेटेडच्या मुलांना खरी अडचण दुसऱ्याचीच येते, कारण इंग्रजीच्या तासाला ती कॉलेजात गेलेलीच नसतात. अजून चार महिने आहेत. इंग्रजीचे तास आणि फिजिक्सची प्रॅक्टिकल्स तिनं आत्तापासून खरोखर करावीत. क्लासचे सर तिला जास्त ओळखत असतील तर त्यांचं पत्र ‘इतर शिफारस’ म्हणून जोडता येतं, पण जिथे दोन शिक्षकांची पत्रं मागितली आहेत तिथे ती वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांचीच असावीत.

शिक्षकांना ‘छान लिहा’ म्हणू नका. तिनं प्रत्येकाला एक पान द्यावं: त्यांच्या तासाला विचारलेला प्रश्न, प्रॅक्टिकलमध्ये उत्तर चुकलं तेव्हा काय केलं, कुणाला काय समजावून दिलं. ‘हुशार, आज्ञाधारक, मेहनती’ या तीन शब्दांचं पत्र वाईट नसतं, पण त्याचा उपयोगही होत नाही. आणि पत्र तुम्ही लिहून सरांची सही, हे नको. दोन पत्रांत एकच लकब दिसली की ते ओळखतात.

तांत्रिक क्रम लक्षात ठेवा, इथे पुष्कळ जण अडकतात. कॉमन ॲपवर (बऱ्याच विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची साइट) आधी शिक्षणाचा विभाग भरायचा, किमान एक विद्यापीठ यादीत घालायचं, मग ‘मी ही पत्रं वाचण्याचा हक्क सोडते’ या पानावर सही करायची. त्यानंतरच शिक्षकांना निमंत्रण जातं. तो हक्क सोडावाच, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. शिक्षकांचा ईमेल कॉलेजच्या डोमेनचा असेल तर उत्तम; नसेल तर त्यांचा स्वतःचा नेहमीचा चालेल, पण तो तेच उघडतील याची खात्री करा. निमंत्रण हमखास स्पॅममध्ये जातं. एमआयटी कॉमन ॲपवर नाही, त्यांचं स्वतःचं पोर्टल आहे, म्हणजे तेच शिक्षक तिथे पुन्हा भरतील. हे आधी सांगितलं नाही तर ‘मी तर पाठवलंय’ म्हणून वाद होतो.

हिशेबनीस

पैशांचं मी लिहिते.

एका वर्षाचा सगळा खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, विमा, हार्वर्ड किंवा एमआयटीला ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो. रुपयांत ७५-८० लाखांच्या आसपास, आणि असं चार वर्षं. या विद्यापीठांत गुणांवर शिष्यवृत्ती नसते. कुटुंबाची ऐपत मोजून जेवढं कमी पडतं तेवढं ते देतात. हार्वर्ड आणि एमआयटी दोघांनी २०२५-२६ पासून असं ठेवलंय की वार्षिक उत्पन्न १ लाख डॉलरच्या आत आणि मालमत्ता सर्वसाधारण असेल तर पालकांनी काही भरायचं नाही. तुमचे १४ लाख रुपये त्या रेषेच्या पुष्कळ खाली आहेत. म्हणून ‘परवडणार नाही’ हा विचार या यादीपुरता उलटा आहे: प्रवेश मिळाला तर परवडेल, अवघड आहे ते प्रवेश मिळणं.

पण इथे एक मेख आहे. परदेशी विद्यार्थ्याला मदत हवी की नको हे न बघता प्रवेश ठरवणारी विद्यापीठं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट, बोडन अशी. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन्सिल्वेनिया, कॉर्नेल यांच्याकडे परदेशी अर्जदारानं मदत मागितली की ते प्रवेशाच्या निर्णयात मोजलं जातं. म्हणून ‘आधी मदत नको लिहू, प्रवेश मिळाल्यावर मागू’ ही शक्कल लोक लढवतात. ती अंगाशी येते, कारण पहिल्या अर्जात मागितली नाही तर नंतर परदेशी विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. कॉर्नेलला भारतीय नागरिकांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे, तीही गरजेवर आधारित; यादीत कॉर्नेल असेल तर तेवढं बघा. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं (बर्कली वगैरे) परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर मदत देत नाहीत. तिथला अर्ज म्हणजे फी वाया.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, कॉलेज बोर्डाच्या साइटवर. पहिल्या विद्यापीठाला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. हा फॉर्म तुमचा, मुलीचा नव्हे. इथे तुम्ही पूर्ण हात घालायचा. तुमच्यासारख्या घरात चुका होतात त्या अशा:

रुपयांत भरताना शून्यं. १४,००,००० हा आकडा तिकडच्या स्वल्पविरामात बसत नाही. स्वल्पविराम न घालता १४००००० लिहा आणि दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. एक शून्य जास्त पडलं की तुम्ही कोट्यधीश.

वर्ष. फॉर्मला त्यांचं कॅलेंडर वर्ष अभिप्रेत असतं, आपलं एप्रिल ते मार्च. प्रवेशाच्या वर्षाच्या साधारण दोन वर्षं आधीचं उत्पन्न मागतात. कोणतं आर्थिक वर्ष धरलंय ते स्पष्टीकरणाच्या चौकटीत लिहा, आणि आयटीआर व फॉर्म १६ त्याच वर्षाचे जोडा.

शेती. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून ते शून्य नसतं. कारखान्याची ऊसबिलं बँकेत येतात, ती स्टेटमेंटमध्ये दिसणारच. एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) हप्त्यांनी येते, तेव्हा एका वर्षात गेल्या हंगामाचा हप्ता मिसळला असेल तर तसं लिहा. बियाणं, खतं, पाणीपट्टी, तोडणीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढा आणि खर्चाचा कागदही ठेवा. सातबारा सामाईक असेल तर पूर्ण क्षेत्र स्वतःचं म्हणून लिहू नका. आठ-अ (खातेउतारा) वरून तुमचा हिस्सा किती ते दाखवा, आणि भावांच्या हिश्श्याबद्दल एक ओळ. जमिनीची किंमत लिहिताना रेडी रेकनरचा दर धरलाय की बाजारभाव, तेही नमूद करा. सातबारा, आठ-अ, पतसंस्थेचं पासबुक हे सगळं मराठीत, त्यामुळे इंग्रजी भाषांतर लागेल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या, पण तो आयटीआरशी आणि ऊसबिलांशी जुळला पाहिजे. फी सवलतीसाठी काढलेला कमी उत्पन्नाचा जुना दाखला चुकूनही जोडू नका.

शेवटचं: अर्जाची फी ७५ ते ९० डॉलर, प्रत्येक ठिकाणी. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते आधी चालू करा. शेवटच्या रात्री अकरा वाजता हे कळलं की घरात काय होतं ते सांगायला नको.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. सामाईक सातबाऱ्याचं लक्षातच आलं नव्हतं. आता निबंध आणि ‘ॲक्टिव्हिटी’चं सांगा. तिच्या नावावर मोठं काही नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालंय, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीत दिली होती. बाकी घरी आजीचं बघते, धाकट्याचा अभ्यास घेते. हे कुठे लिहायचं?

लाल_पेन

आजीचं आणि धाकट्याचं तर आधी लिहायचं! कॉमन ॲपच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी हा वेगळा प्रकारच आहे. आठवड्याला तास आणि वर्षाला आठवडे असा हिशेब मागतात. आठवड्याला १० तास खरे असतील तर १० लिहा, २० नको. सगळ्या कामांचे तास एकत्र केले आणि आठवडा अपुरा पडला तर वाचणाऱ्याला गणित येतं.

जागा दहा, पण दहा भरल्याच पाहिजेत असं नाही. पाच खऱ्या असल्या तर पाच. प्रत्येकीत भूमिकेसाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १००, वर्णनाला १५०, मोकळ्या जागा धरून. एवढ्यात वाक्य मावत नाही, क्रियापदानं सुरू होणारे तुकडे लिहायचे: काय केलं, किती जणांसाठी, काय बदललं. नववीच्या आधीचं घेत नाहीत, म्हणून सहावीची होमी भाभा गेली. नववीला पुन्हा दिली असेल तर ती चालेल. इंटरमिजिएट कधी दिली ते बघा. नववीत दिली असेल तर पुरस्कारांच्या पाच ओळींत एक मिळेल, पण ‘इंटरमिजिएट’ एवढंच लिहिलं तर तिकडे कुणालाच कळणार नाही. ‘महाराष्ट्र शासनाची चित्रकलेची ग्रेड परीक्षा’ असा खुलासा हवा. हेच एनसीसीच्या बी सर्टिफिकेटचं, गांधर्वच्या मध्यमेचं, गणेश मंडळाच्या खजिनदारीचं. खजिनदारी तर उत्तम, हिशेब किती रुपयांचा सांभाळला तो आकडा टाका.

आता बारावीत घाईघाईनं एनजीओ काढणं, पैसे भरून ‘संशोधन निबंध’ छापणं असलं काही करू नका. फिजिक्सची आवड आहे तर त्याचाच माग दिसू द्या. नोव्हेंबरात फिजिक्स ऑलिम्पियाडची पहिली पायरी, एनएसईपी, होते. नावनोंदणी पावसाळ्याच्या शेवटी. निकाल अर्जानंतर लागतो, पण एमआयटीला फेब्रुवारीत नवी माहिती द्यायचा फॉर्म असतो, तिथे तो जातो. घरी सायकलच्या चाकावर किंवा मोबाइलच्या सेन्सरवर केलेलं मोजमाप, त्यातली चूक शोधण्याची वही, हेही चालतं. वही ठेवा, फोटो ठेवा, तारखा ठेवा.

निबंध: कॉमन ॲपचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्द. एमआयटी तो मागतच नाही. त्यांचे छोटे प्रश्न असतात, साधारण १०० ते २०० शब्दांचे. म्हणून ६५० शब्दांचा एकच निबंध कापून सगळीकडे चिकटवायचा विचार सोडा.

तुमचं काम इथे वाचक म्हणून. तेही दोनदाच: एकदा कच्चा खर्डा झाल्यावर, एकदा शेवटी शुद्धलेखनासाठी. कच्च्या खर्ड्यावर लिहू नका, तोंडी प्रश्न विचारा: ‘हे नेमकं कधी झालं?’, ‘तेव्हा तू काय बोललीस?’, ‘हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर काय वेगळं असतं?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ आलं तर तो परिच्छेद जाऊ द्या. आपल्याकडच्या निबंधांत ठरलेले खड्डे तीन. पहिला, शाळेतल्या निबंधाची सवय: थोरामोठ्यांच्या वचनानं सुरुवात आणि ‘म्हणून मला देशाची सेवा करायची आहे’ असा शेवट. दुसरा, बक्षिसांची यादी पुन्हा वाचून दाखवणं. ती यादी त्यांच्यासमोर आधीच असते. तिसरा, शब्दकोश उघडून लिहिलेलं इंग्रजी. साधं इंग्रजी चालतं. सतरा वर्षांच्या मुलीच्या निबंधात पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची भाषा दिसली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि पंचेचाळीसच्या जागी चॅटबॉट असला तरी तेच. कॉमन ॲपच्या नियमांत कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणं ही फसवणूक धरली आहे.

सव्वातीन लाखांबद्दल: ‘सगळं आम्ही करतो’ यातलं ‘सगळं’ म्हणजे काय ते लेखी विचारा. वेळापत्रक, यादीवर चर्चा, खर्ड्यावर प्रश्न एवढं असेल तर तो सल्ला झाला, आणि तो सव्वातीन लाखांचा नक्कीच नाही. निबंध लिहून देणं, अर्जाचा पासवर्ड स्वतःकडे ठेवणं, प्रवेशाची हमी, यांतलं एकही असेल तर नको. पासवर्ड आणि ईमेल मुलीकडेच हवा.

वेळापत्रक_काका

वरचं सगळं बरोबर आहे, एका गोष्टीवर माझं मत वेगळं. पाच-सहा ठिकाणं आणि तीही सगळी अशी, ही यादी नव्हे. हार्वर्डला एकूण अर्जदारांत शंभरातल्या साधारण चार जणांना प्रवेश मिळतो, एमआयटीही त्याच आसपास, आणि परदेशी अर्जदारांचं प्रमाण त्याहूनही खाली. सगळी गणितं जमली तरी नाही मिळालं, हा यातला सर्वांत संभाव्य निकाल आहे. म्हणून मदत देणारी, नाव कमी गाजलेली पण फिजिक्स चांगलं असलेली छोटी कॉलेजं तीन-चार घाला, आणि इकडची बाजू सोडू नका. फिजिक्सच हवं असेल तर आयसर पुणे, बंगळुरूचं आयआयएससी, चेन्नईचं सीएमआय या आपल्याकडच्या विज्ञान-गणिताच्या संस्था आहेत. आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, सीएमआयचीही. जेईईच्या पुस्तकांतच बरीचशी तयारी होते, पण फॉर्म वेगळे आणि तारखा वेगळ्या. ते मार्च ते मे मधले फॉर्म भरणं हे तुमचं काम समजा, तेव्हा ती परीक्षेत असेल.

तारखांची गर्दी अशी पडते:

ऑगस्टच्या १ तारखेला कॉमन ॲप नव्या वर्षासाठी उघडतं. त्याच महिन्यात सॅट (तिकडच्या प्रवेशासाठीची प्रमाणित परीक्षा) एकदा, ऑक्टोबरची राखीव. एमआयटी, हार्वर्ड, ब्राउनला सॅट किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा) सक्तीची आहे. परीक्षा २ तास १४ मिनिटांची, स्वतःच्या लॅपटॉपवर ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. परीक्षेआधीच्या पाच दिवसांत ॲपमध्ये एक्झाम सेटअप करून ठेवायचा असतो. तो केला नसेल तर केंद्रावर धावपळ. लॅपटॉप जुना असेल तर बॅटरी चार तास टिकते का ते घरी बघून ठेवा. केंद्रं मोजकी असतात, जागा भरली की मुलांना दुसऱ्या शहरात जावं लागतं, तेव्हा आत्ताच नोंदणी करा.

१ नोव्हेंबरला लवकरच्या फेरीची मुदत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनची लवकरची फेरी बंधनकारक नाही, पण तिथे अर्ज केला की दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकर करता येत नाही. एमआयटीची मोकळी आहे. ‘अर्ली डिसिजन’ मात्र बांधून घेते, मिळालं तर जावंच लागतं. मदतीचे आकडे तुलना करून बघायचे असतील तर ती टाळा. तुमच्या मुलीचे अकरावीचे गुण बघता मी घाई करणार नाही, सहामाहीचे गुण आल्यावर जानेवारीच्या फेरीत जाणं शहाणपणाचं.

नियमित मुदत १ जानेवारी ते पहिला आठवडा. कॉमन ॲपवर मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९. तरी २६ डिसेंबरला सगळं पाठवून मोकळं व्हा. कारण जानेवारीच्या शेवटी जेईई मेन्सचं पहिलं सत्र, लगेच प्रॅक्टिकल्स, फेब्रुवारीच्या मध्यावर बारावी. डिसेंबरचे तिचे चार आठवडे निबंधात जातात, म्हणून मुख्य निबंध दिवाळीच्या सुट्टीत संपवा.

अर्ज पाठवल्यावर प्रत्येक विद्यापीठ पोर्टलचं लॉगिन पाठवतं. तिथे दोन आठवडे ‘पत्र मिळालं नाही’ असं दिसू शकतं, त्यांच्याकडे नोंद व्हायला तेवढा वेळ लागतो. लगेच सरांना फोन करू नका. विद्यापीठाला ईमेल करायचा झाला तर तो मुलीनं करायचा. मुलाखत आली, बहुधा माजी विद्यार्थ्यांबरोबर व्हिडिओवर, तर तुम्ही त्या खोलीत नाही. शेजारच्याही नाही, आवाज येतो.

एमआयटीचा निकाल साधारण १४ मार्चला, बाकीचे मार्चअखेर, उत्तर १ मेपर्यंत. मार्चअखेरीस बारावी संपलेली असते, पण जेईईचं दुसरं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला. निकाल बघायचा तो पेपरच्या आदल्या दिवशी नाही, हे घरात आधी ठरवा.

कृष्णाकाठ

काका, आयसरचं डोक्यातच नव्हतं. एक शेवटचं: पासपोर्ट अजून काढलेला नाही. आधार आहे. घाई आहे का?

शेरा_रकाना

आहे. आणि अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव बघा.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुतेकदा नाव-वडील-आडनाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाच्या रकान्यात ‘नाव + वडिलांचं नाव’ एकत्र. तिकडच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. सॅटचा निकाल एका नावाच्या फाइलला, गुणपत्रिका दुसऱ्या, आणि पोर्टलवर ‘सॅट मिळाली नाही’. म्हणून सॅट, कॉमन ॲप, एमआयटीचं पोर्टल, सीएसएस सगळीकडे एकच रचना: पहिलं नाव मुलीचं, मधलं वडिलांचं, शेवटचं आडनाव, स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. सॅटच्या केंद्रावर नोंदणीचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं.

स्पेलिंगमध्येच फरक असेल, म्हणजे एका ठिकाणी ‘व्ही’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘डब्ल्यू’, तर दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा. ती दुरुस्त करायची तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं आणि महिने जातात. आधार त्यामानानं लवकर बदलतं. आधी आधार दहावीप्रमाणे करा, मग त्यावरून पासपोर्ट. मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळे दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र लागेल. ते छापून, सह्या करूनच अपॉइंटमेंटला जा. आणि उपप्राचार्यांना गुणपत्रिका अपलोड करताना एवढं सांगून ठेवा की फाइलचं नाव कॉमन ॲपमधल्या नावासारखंच ठेवायचं, दहावीच्या क्रमानं नाही.